ऐंशी पराभवांनंतरचे चार दिवस

गुरुवार, २७ सप्टेंबर २०१२

नेवार्कहून पिट्सबर्गला थेट जाणारी आगगाडी दिवसातून एकच. विमानाने तासा-सव्वातासात पोचता येतं, पण मामांनी फोनवर बजावलं होतं, "आगगाडीनंच ये. आणि अल्टूना आलं की झोपू नकोस."

झोपले नाही. हॅरिसबर्ग सोडल्यावर गाडी सस्क्वेहॅना नदीवरच्या लांबलचक दगडी पुलावरून जाते आणि मग दुपारभर डोंगर चढत राहते. अल्टूनाच्या पुढे तो प्रसिद्ध घोड्याच्या नालेसारखा वळसा आला. १८५४ साली बांधलेला. खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दरीपलीकडे समोरून जाताना दिसतं. खंडाळ्याच्या घाटात बोगदे मोजत मोठी झालेली मी, काचेला नाक लावून बसले.

पिट्सबर्गला उतरले तेव्हा रात्र झाली होती. मामा फलाटाच्या दाराशी उभे होते. डोक्यावर काळी टोपी, तिच्यावर पिवळा इंग्रजी पी. वाकून नमस्कार केला तर पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज ऐंशी झाले." आणि मग, "काही खाल्लंस का वाटेत?"

ऐंशी म्हणजे पराभव. मी न्यू जर्सीतून निघाले त्याच दुपारी, पलीकडे न्यूयॉर्कमध्ये पायरेट्स, म्हणजे पिट्सबर्गचा बेसबॉल संघ, तिथल्या मेट्सकडून ६-५ असे हरले होते. मेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आर. ए. डिकी याच्या नावावर तो हंगामातला विसावा विजय. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये एक संघ हंगामाला १६२ सामने खेळतो. त्याचा अर्धा ८१. ऐंशी हरून झालेले, सहा सामने बाकी. हंगाम विजयाच्या बाजूने संपवायचा तर आता एकही हरून चालणार नव्हतं.

"होईल?" मी गाडीत बसताना विचारलं.

"उद्या बघू की," मामा म्हणाले. ते वाक्य ते १९९३ पासून म्हणत आले आहेत, असं मामी रात्री पोळ्या वाढताना म्हणाली.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

हा दिवस सावकाश सांगायला हवा.

मामा १९७१च्या ऑगस्टमध्ये इथे आले. कराडचा मुलगा, सांगलीहून इंजिनिअर झालेला, पिट्सबर्ग विद्यापीठात एम. एस. करायला. म्हणून सकाळी आधी ओकलंड. शहराचा हा भाग विद्यापीठाचा. बेचाळीस मजली 'कॅथिड्रल ऑफ लर्निंग'मध्ये निरनिराळ्या देशांच्या नावाने वर्ग सजवलेले आहेत. त्यातला भारताचा वर्ग नालंदाच्या धर्तीवर विटांचा केलाय. तो भराभर दाखवून मामांनी मला तिथून जवळच्याच एका साध्या इमारतीत नेलं. पॉसवर हॉल. आत जमिनीत काच बसवलेली आणि काचेखाली पांढरी पंचकोनी फळी. होम प्लेट. फलंदाज उभा राहतो ती जागा.

१९०९ पासून १९७० पर्यंत इथे फोर्ब्स फील्ड होतं, पायरेट्सचं जुनं मैदान. पाडून विद्यापीठाने इमारती बांधल्या, पण होम प्लेट ठेवली आणि मागच्या भिंतीचा एक तुकडा ठेवला. विटांची भिंत, वेलींनी झाकलेली, ४५७ फुटांचा आकडा अजून तिच्यावर आहे. मुलं पाठीला दप्तर लावून शेजारून वर्गांना जात होती.

दर वर्षी १३ ऑक्टोबरला इथे माणसं जमतात. घडीच्या खुर्च्या आणतात. १९६०च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेतल्या, सातव्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. त्या सिरीजमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीजनी सात सामन्यांत मिळून ५५ धावा केल्या, पायरेट्सनी २७. तरी शेवटच्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला बिल मॅझेरॉस्कीने होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि पायरेट्स १०-९ जिंकले. दुपारी तीन वाजून छत्तीस मिनिटांनी. समालोचन अशा बेताने लावतात की तो फटका बरोबर त्याच मिनिटाला ऐकू यावा.

"निकाल तर ठाऊकच असतो सगळ्यांना," मी म्हटलं.

"पालखी पंढरपुरास पोचणार हे तुला ठाऊक नसतं का?" मामा म्हणाले. "तरी बघायला उभी राहतेसच ना रस्त्यावर?"

त्या भिंतीशी बसून मामांनी जे सांगितलं ते मी इतकी वर्षं कधीच ऐकलं नव्हतं. घर सोडून दोन महिने झालेले. ऑक्टोबर. पायरेट्स आणि बॉल्टिमोरची वर्ल्ड सिरीज चालू होती. मामांना खेळातलं काही कळत नव्हतं. बाकीची पोरं टीव्हीसमोर बसली म्हणून हेही बसले. सातवा सामना पायरेट्स जिंकले, २-१. सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला रॉबेर्तो क्लेमेंते, प्वेर्तो रिकोचा. कॅमेरा पुढे आला, माइक पुढे आला. तो म्हणाला, आधी मला माझ्या आईवडिलांशी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलू द्या. आणि साऱ्या अमेरिकेसमोर त्याने स्पॅनिशमध्ये आईवडिलांचे आशीर्वाद मागितले.

"मला एक शब्द कळला नाही," मामा म्हणाले. "पण काय बोलतोय ते कळलं."

क्लेमेंतेला कित्येक वर्षं इथले लोक 'बॉब' म्हणत. त्याच्या चित्राच्या कार्डांवरही बॉब छापायचे. तो आपलं नाव रॉबेर्तो असल्याचं सांगत राहिला. मामांचं नाव दत्तात्रय. पहिल्या नोकरीत त्यांचा डॅन झाला होता. त्या भाषणानंतर... नाही, लगेच नाही, बरेच महिने लागले, पण पुढे त्यांनी दारावरची पाटी बदलून घेतली. दत्तात्रय, पूर्ण.

संघ आधी आला नाही, माणूस आधी आला. संघ त्याच्या मागून आला. मला वाटतं हे मामांबद्दल कळलं नसतं तर पुढचे तीन दिवस मला कळले नसते.

संध्याकाळी मैदान. शहरातून चालत पलीकडे जायचं ते रॉबेर्तो क्लेमेंते पुलावरून. सामन्याच्या दिवशी पुलावर गाड्या बंद. पिवळाधमक पूल, खाली अलेगेनी नदी, काळे-पिवळे शर्ट घातलेली बायकापोरं रमतगमत चाललेली. ऐंशी सामने हरलेल्या संघाला बघायला. या हंगामात वीस लाखांहून जास्त तिकिटं खपलीत. पुलाच्या टोकाशी क्लेमेंतेचा पुतळा, बॅट टाकून पळायला निघालेला. उजवीकडची भिंत एकवीस फूट उंच आहे, कारण त्याच्या शर्टावरचा आकडा एकवीस होता. २००१ साली हे मैदान उघडलं त्या दिवशीच पहाटे विली स्टार्जेल गेला, मामांचा दुसरा आवडता खेळाडू. त्याचाही पुतळा बाहेर आहे. दोनच दिवस आधी बसवलेला होता.

आत बसल्यावर समोर नदी, पूल आणि पलीकडे शहराच्या इमारती दिव्यांत. मी पाहिलेल्या जागांमधली ही फार सुंदर जागा. इनिंगच्या मध्ये पिएरोगींची शर्यत होते. पिएरोगी म्हणजे पोलंड-स्लोव्हाकियाकडून पोलाद कारखान्यांत आलेल्या मजुरांनी आणलेली बटाट्याच्या सारणाची करंजी. माणसं करंज्यांचे मोठाले सोंग घालून पळतात. माझ्या मागची छोटी मुलगी 'कांदा, कांदा' म्हणून ओरडत होती, कारण त्यातली एक करंजी कांद्याची असते.

समोर सिनसिनाटी रेड्स. त्यांनी पहिल्याच इनिंगमध्ये एक धाव काढली. आपला बर्नेट त्यानंतर इतका छान टाकत होता की एक धाव म्हणजे काही नाही, असं मला वाटलं. पण पाचव्या-सहाव्या इनिंगच्या सुमारास आजूबाजूची माणसं गप्प होत गेली. मामा फळ्याकडे बघत होते. पायरेट्सच्या रकान्यात धावा शून्य, हिट शून्य. चेंडू मारून पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोचलं की तो हिट.

होमर बेली नावाचा रेड्सचा पिचर. सत्तावीस जण बाद होईपर्यंत समोरच्या संघाला एकही हिट न देणं याला नो-हिटर म्हणतात. कित्येक चांगल्या पिचरांना आयुष्यात एकदाही जमत नाही. रेड्सच्या एका क्षेत्ररक्षकाची चूक झाली म्हणून एक जण पहिल्या बेसवर पोचला होता, आणि पायरेट्सच्या मॅकचनला चार वाईट चेंडू पडून बेस मिळाला होता. बाकी कोणी नाही.

नवव्या इनिंगला सगळं मैदान उभं राहिलं. आपल्यांसाठी की बेलीसाठी, हे मला सांगता येणार नाही. दोघांसाठी असावं. शेवटचा फलंदाज ॲलेक्स प्रेस्ली. चेंडू वर उडाला, दुसऱ्या बेसजवळ ब्रँडन फिलिप्सने झेलला. १-०. पायरेट्सवर नो-हिटर १९७१ नंतर पहिल्यांदाच झाला होता. त्या वेळचा पिचर बॉब गिब्सन. आणि तरी त्याच वर्षी ते वर्ल्ड सिरीज जिंकले होते.

मामांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, बराच वेळ. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

एक्क्याऐंशी.

पुलावरून परत येताना मी विचारलं, टाळ्या का? म्हणाले, "सुरेख टाकत होता गं. कुणाचा का असेना."

शनिवार, २९ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. म्हणून आज मैदान नाही. हे मामीने जुलैतच ठरवून टाकलं होतं.

सकाळी पेन हिल्सच्या बालाजीच्या देवळात. १९७०च्या दशकात उभं राहिलेलं, तिरुपतीच्या धर्तीचं पांढरं गोपुर, हमरस्त्यावरून जातानाही टेकडीवर दिसतं. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या देवळांपैकी एक. पूर्वेकडच्या राज्यांतून लोक गाडी चालवत इथे यायचे, मामी सांगत होती. पहिली काही वर्षं मराठी माणसांची ओळख व्हायची ती इथेच.

संध्याकाळी विसर्जन. शाडूची वीतभर मूर्ती, मागच्या अंगणात मोठी बादली, आरतीला शेजारची तीन घरं. प्रसादाला वाटली डाळ. ते पाणी नंतर मामी हायड्रेंजियाच्या झाडाला घालते. "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणताना शेजारचे अमेरिकन आजोबाही म्हणाले, उच्चार अगदी स्वच्छ. वीस-बावीस वर्षं येतायत. त्यांनाही पायरेट्सची टोपी होती. ते एका पोलाद कारखान्यात होते.

या आजोबांमुळे कारखान्यांची गोष्ट निघाली. मामांचीही नोकरी १९८३ला गेली. त्यांचा मुलगा समीरदादा तेव्हा वर्षाचा. मामा तेरा महिने घरी होते. होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ला बंद पडला. १९५०ला पावणेसात लाखांचं हे शहर २०१०च्या शिरगणतीत तीन लाखांवर आलं. माणसं ह्यूस्टनला गेली, शार्लटला गेली, मिळेल तिथे. जाताना टोप्या घेऊन गेली. म्हणून पायरेट्स कुठल्याही शहरात खेळायला गेले तरी तिथे काळी-पिवळी माणसं दिसतात. शेजारच्या आजोबांची दोन मुलं आता दोन वेगळ्या राज्यांत आहेत; बापाशी रोजचं बोलणं म्हणजे कालच्या सामन्याचं बोलणं. हरले तर जास्त वेळ चालतं, म्हणाले.

समीरदादाचा कॅलिफोर्नियाहून फोन आला तोही त्याच विषयावर. बेलीच्या शेवटच्या चेंडूवर वीस मिनिटं.

हे दादाचं दुखणं मात्र १४ ऑक्टोबर १९९२चं. दहा वर्षांचा होता. अटलांटामध्ये सातवा सामना, जिंकला की वर्ल्ड सिरीज. नवव्या इनिंगला पायरेट्स २-० पुढे होते. तिथून दोन आउट होईपर्यंत २-१ झालं, बेसवर माणसं. फलंदाजीला फ्रान्सिस्को कॅब्रेरा. अख्ख्या हंगामात जेमतेम दहा वेळा फलंदाजी केलेला. त्याने डावीकडे फटका मारला. बरोबरीची धाव आली. दुसऱ्या बेसवरून सिड ब्रीम पळत सुटला. हा ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचाच, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला, संथ. बॅरी बाँड्सने डावीकडून चेंडू फेकला. ब्रीम घसरत पोचला. वीतभराने. ३-२.

हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पिचर ड्रेबेक ह्यूस्टनला. पुढल्या वर्षापासून हरायला सुरुवात झाली ती आजतागायत. २००९मध्ये सलग सतरावा हंगाम विजयांपेक्षा जास्त पराभवांचा गेला आणि अमेरिकेच्या मोठ्या खेळांतला तो विक्रम झाला. २०१०मध्ये तर १०५ सामने हरले. आणि याच शहरात फुटबॉलच्या स्टीलर्सकडे सहा सुपर बोल, आइस हॉकीच्या पेंग्विन्सनी २००९मध्येच करंडक आणलेला. तिघांचे रंग तेच, काळा आणि पिवळा.

गेली दोन वर्षं जास्त जिव्हारी लागली असणार. गेल्या वर्षी जुलैत वर चढून कोसळले. यंदा ऑगस्टच्या सुरुवातीला ६३ विजय आणि ४७ पराभव होते. मामीनेसुद्धा ऑक्टोबरात कुठे जायचं ठरवू नका असं सांगितलं होतं. तिथून आजवर ही गत.

विसर्जन आटोपून आत आलो. स्वयंपाकघरात रेडिओ लावला होता. पाट रिकामा दिसत होता आणि घर त्या दिवशी दिसतं तसं एकदम मोठं दिसत होतं. आणि पायरेट्स जिंकले. आम्ही गेलो नाही त्या दिवशी.

मामांनी कोठीतून झेंडा काढला. काळ्या कापडावर कवटी, समुद्री चाच्यांचा. जिंकले की ओसरीवर लावायचा, सकाळी काढायचा. ते शिडीवर चढले, मी शिडी धरली. त्यांना आता सहासष्टावं चाललंय. पलीकडच्या ओसरीवर आजोबाही त्यांचा झेंडा लावत होते. दोघांनी एकमेकांना हात केला.

रविवार, ३० सप्टेंबर

सकाळी डोंगराच्या कड्यावर चढणाऱ्या लाल डब्यातून माउंट वॉशिंग्टनला. १८७७ पासून चालू असलेली तिरकी रेल्वे. वरून सगळं शहर एका नजरेत येतं: डावीकडून अलेगेनी, उजवीकडून मोनोंगाहेला, आणि त्रिकोणी टोकाशी दोघी मिळून ओहायो होतात. मामा कठड्याला टेकून उभे राहिले. आम्ही दोघं कराडचे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते पाणी बघत दोघं वेगवेगळ्या काळात मोठे झालो. कोणी काही बोललं नाही.

मग मामा म्हणाले, "आज तारीख किती?"

तीस सप्टेंबर.

चाळीस वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९७२ला, शनिवारी दुपारी मामा बसने पायरेट्सच्या तेव्हाच्या मैदानावर, थ्री रिव्हर्स स्टेडियमला, गेले होते. क्लेमेंतेचे २,९९९ हिट झालेले. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये जेमतेम तेरा हजार माणसं होती. मामांनी हे दोनदा सांगितलं, तेरा हजार. चौथ्या इनिंगला मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर त्याने फटका मारला आणि दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. तीन हजार. पंचाने चेंडू त्याच्या हातात दिला. त्याने टोपी उचलली.

तो त्याचा नियमित हंगामातला शेवटचा हिट ठरला. डिसेंबरात निकाराग्वाला भूकंप झाला. मदतीचं सामान मधेच गायब होतंय असं कानावर आलं म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतः विमानात बसला. विमान प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. तो सापडला नाही. त्याचा जिवलग, कॅचर मॅनी संगियेन, शोध घेणाऱ्यांबरोबर पाण्यात उतरत राहिला. श्रद्धांजलीच्या सभेला गेला नाही. हाच संगियेन आता मैदानावर त्याच्या नावाच्या खाण्याच्या ठेल्यापाशी बसतो, लोकांना सह्या देतो. मामा दर हंगामात एकदा त्याच्याकडून सही घेतात. बरेच कागद झालेत, सगळे एका फाइलमध्ये.

दुपारी मैदानात गेलो. मामांनी आज जुना, विटका २१ आकड्याचा शर्ट घातला होता. शेवटच्या रविवारी लोक खूप आले होते. सामना चुरशीचा झाला. ४-३, रेड्सच्या बाजूने.

ब्याऐंशी. सलग विसावा हंगाम.

मला वाटलं होतं लोक ओरडतील, कागदी पेले फेकतील. काहींनी हुर्यो केली. बहुतेक बसून राहिले. आमच्या पुढच्या रांगेत एक विशीतला मुलगा होता. या संघाने निम्म्याहून जास्त सामने जिंकलेला हंगाम त्याने जन्मात पाहिला नसणार. तो पाठीमागे वळून मामांना म्हणाला, "सर, तुम्ही खरंच त्याला खेळताना बघितलंय?" शर्टाकडे बोट होतं.

मामा त्याच्याजवळ जाऊन बसले. मैदानावर पाणी मारायला माणसं आली, वरचे बाक रिकामे झाले, सुरक्षारक्षकाने दोनदा येऊन पाहिलं आणि काही न बोलता गेला. मामा उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर चेंडू कसा यायचा ते हात फिरवून दाखवत होते. मुलाने ऐकताना टोपी काढून हातात धरली होती. मी मध्ये पडले नाही.

सोमवार, १ ऑक्टोबर

परतीची गाडी सकाळी लवकर. मामीने डब्यात पोळ्या, चटणी आणि उरलेली वाटली डाळ दिली. निघताना ओसरीकडे पाहिलं, झेंडा कालच काढलेला होता, शिडी मात्र भिंतीला तशीच टेकवलेली.

"आत नाही ठेवली?"

"आज ब्रेव्ह्ज येतायत ना," मामा म्हणाले. "अटलांटाचे." आणि किल्ल्या घेऊन गाडी काढायला गेले.